तुलना कशाशी?

सव्वा कोटीची विजेची गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न फार थोड्यांपुढे येतो. तरीही आमच्या घरात त्यावरून जे बोलणं झालं ते लिहून काढावंसं वाटलं, कारण पंधरा लाखांची गाडी घेणाऱ्यालाही त्यातलं बरंच काही लागू पडतं.

माझी मोठी बहीण दातांची डॉक्टर. कोथरूडला दवाखाना, शिवाय महिन्यातून दोनदा साताऱ्याची फेरी. तिनं एक जर्मन बनावटीची मोठी सेडान बुक केली. शंभर युनिटांची बॅटरी, मागच्या सीटवर पाय पसरून झोपता येईल एवढी जागा. टोकन भरलं, रंग ठरला, आणि बिल करायची तारीख जवळ आली तसं ताईचं मन मागं फिरू लागलं. तिला समजवायला आले ते आमचे मामा. मामांची उमेदीची वर्षं विद्युत मंडळाच्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात गेली. पुढे वितरणाकडे बदली झाली, २००५ मध्ये मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि ते महावितरणमधून निवृत्त झाले. जन्मभर काटकसरीनं राहिलेला हा माणूस ‘घेच’ म्हणत होता आणि ऐपत असलेली ताई ‘नको’ म्हणत होती.

मामा : अडतंय कुठं ते सांग आधी. पैशाला?

ताई : पैशाची सोय झाली आहे, मामा. अडतंय ते कारणाला. प्रदूषण नको म्हणून विजेची घेतेय, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. परवा कागद-पेन घेऊन बसले, तर ते कारण उभंच राहीना.

मामा : मांड हिशेब माझ्यापुढं.

ताई : सर्व्हिसिंगच्या बिलांवर किलोमीटर असतात, ते काढले. माझी गाडी वर्षाला नऊ हजारांच्या आसपास चालते. लिटरला बारा धरा. साडेसातशे लिटर पेट्रोल. एक लिटर जळलं की सव्वादोन-अडीच किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वर्षाला पावणेदोन टनांच्या जवळपास. आता नवी गाडी. ती जड आहे, शंभर किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून चोवीस युनिटं खाणार. वर्षाला दोन हजारांच्या वर युनिटं. आणि आपल्या ग्रिडच्या एका युनिटामागे किती कार्बन, ते तुम्हीच सांगा.

मामा : देशाची सरासरी धरलीस तर सातशे ग्रॅमच्या थोडं वर. अजून तीन चतुर्थांशांच्या जवळ वीज कोळशाची आहे.

ताई : मग झालं ना. दीड टनाच्या वर तिथेच गेलं, त्यात तारांमधली गळती मिळवा. दोन्ही पारडी जवळजवळ सारखी.

मामा गप्प बसले नाहीत, आणि त्यांचं पुढचं म्हणणं बरोबरच होतं. पेट्रोलचा हिशेब नुसता सायलेन्सरपासून धरून चालत नाही. तेल जमिनीतून काढायचं, जहाजानं आणायचं, शुद्धीकरण कारखान्यात उकळायचं, टँकरनं पंपावर पोचवायचं, या सगळ्याचं ओझं लिटरमागे आणखी पाचवा-चौथा हिस्सा तरी भरतं. ते धरलं तर विजेची गाडी वर्षाला चार-पाचशे किलोंनी पुढे निघते. ताईनं हे मान्य केलं. पण तिचा पुढचा प्रश्न तयार होता.

ताई : आणि बॅटरी बनवतानाचं काय? एका युनिटाच्या क्षमतेमागे साठ ते शंभर किलो कार्बन, असे अंदाज वाचले. शंभर युनिटांची बॅटरी म्हणजे सहा ते दहा टन. वर्षाला अर्धा टन वाचवून दहा टन फेडायला किती वर्षं लागतील? तोवर गाडी तरी राहील का माझ्याकडे?

मामा : तू तुलना चुकीची करते आहेस. खाली उभी आहे ती मधल्या आकाराची गाडी, आणि तू बुक केली आहेस ती केवढी! या आकाराची पेट्रोलची घेतली असतीस तर लिटरला आठ-नऊच्या वर गेली नसती. तिच्याशी तुलना कर. फरक एकदम वाढेल.

ताई : पण ती मी घेतच नाहीये! न घेतलेल्या गाडीशी तुलना करून मी पुण्य कमावायचं का? माझी खरी तुलना खाली उभ्या असलेल्या गाडीशी. ती बनवताना जो धूर व्हायचा तो होऊन गेला. आणखी सहा-सात वर्षं ती मजेत चालेल.

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं, की या खरेदीतला खरा कळीचा मुद्दा हाच आहे. शोरूममधला तरुण जो तक्ता दाखवतो त्यात डाव्या बाजूला त्याच किमतीची पेट्रोल गाडी असते आणि उजव्या बाजूला विजेची. त्या तक्त्यात विजेची गाडी दर वेळी जिंकते, आणि ते आकडे खोटे नसतात. पण गिऱ्हाईकाच्या पार्किंगमध्ये जी गाडी आधीच उभी असते तिचा रकाना त्या तक्त्यात नसतो. ‘काहीच न घेणं’ हा पर्यायही नसतो. ज्याची जुनी गाडी मोडकळीला आली आहे, ज्याला काही ना काही घ्यायचंच आहे, त्याच्यासाठी शोरूमचा तक्ता ठीक आहे. ताईची गाडी उत्तम चालते.

मामा : बरं, कार्बन राहू दे. पैशाचं बघ. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. विजेच्या गाडीवर २०१९ पासून पाचच टक्के. महागड्या पेट्रोल गाडीला आरटीओचा कर १३ टक्के, तुला शून्य. मुंबईला जाताना एक्स्प्रेस-वेला टोल माफ, अटल सेतूला माफ. दवाखान्याच्या नावावर घेतलीस तर घसारा पहिल्या वर्षी ४० टक्के, साध्या गाडीला १५. तुझा सीए काय म्हणाला?

ताई : तो तुमच्यासारखंच म्हणाला, ‘मॅडम, घ्याच.’ मामा, मला तिथेच तर टोचतंय. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारनं तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना सहा टक्के कर लावायचं ठरवलं होतं, आणि महिना संपायच्या आत मागं घेतलं. माझ्या गाडीवर ते साडेसात लाख झाले असते. साडेसात लाख! माझ्या दवाखान्यातली मावशी वारज्याहून पीएमपीएमएलनं येते आणि थांब्यावर पाऊण तास उभी राहते. ती सूट मला कशासाठी? मी नऊ हजार किलोमीटर गारव्यात बसून फिरावं म्हणून?

मामा : धोरण एका माणसाकडे बघून करत नाहीत गं. महागड्या गाड्यांना सूट दिली की कारखानदाराला धीर येतो, चार्जिंगची जाळी उभी राहते. श्रीमंतांनी आधी महाग माल घ्यायचा, त्या पैशातून स्वस्त माल निघतो. टेस्लानं २००६ मध्ये हेच जाहीर लिहून ठेवलं होतं. आधी स्पोर्ट्स कार, मग परवडणारी गाडी. आणि त्यांनी तसं केलंही.

ताई : तिकडे तसं झालं असेल. आपल्याकडे उलटं झालंय. इथे रस्ता पाडला तो ई-रिक्षांनी, स्कूटरींनी आणि २०२० मध्ये आलेल्या विजेच्या नेक्सॉननं. पीएमपीएमएलच्या ताफ्यात विजेच्या बस २०१९ ला आल्या. सव्वा कोटीची गाडी या रांगेत पुढे कधी होती?

या मुद्द्यावर मी ताईच्या बाजूचा आहे. चाकणच्या एकाच औद्योगिक पट्ट्यात दोन्ही टोकं पाहायला मिळतात. मर्सिडीजची ईक्यूएस ५८० तिथे जुळवली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये ती १ कोटी ५५ लाखांना आली. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई याही तिथेच बनतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या या गाड्यांची किंमत १९ लाखांच्या आतून सुरू झाली. विजेची गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात येणार असेल तर ती या दुसऱ्या टोकाकडूनच येईल असं मला वाटतं.

मामांचा आवाज मग थोडा बदलला.

मामा : तू धुराचं बोलतेस म्हणून सांगतो. शाळा सुटताना कर्वे रस्त्यावर उभी राहा पाच मिनिटं. पोरांची नाकं बरोबर सायलेन्सरच्या उंचीला असतात. औष्णिक केंद्राचा धूर एका चिमणीतून निघतो. तिला राख पकडायची यंत्रणा बसवता येते, तिच्यावर नजर ठेवता येते, दंड करता येतो. लाखो सायलेन्सरना काय बसवणार? एक गाडी कमी झाली तर त्या पोरांच्या छातीत तेवढाच धूर कमी.

ताई : आणि चंद्रपूरच्या पोरांच्या? मामा, मे महिन्याच्या सुटीत आम्ही ऊर्जानगरला तुमच्याकडे यायचो. मामी दोरीवरचे कपडे झटकून आत घ्यायची, आणि तरी पांढऱ्या फ्रॉकवर करडी राख बसलेली असायची. गच्चीवर झोपायला गादी टाकायच्या आधी फरशी पुसावी लागायची, आणि फडकं काळं व्हायचं. ते मी विसरलेले नाही. कोथरूडमध्ये माझी गाडी बिनधुराची चालणार, कारण तिचा धूर कोणाच्या तरी दोरीवर जाऊन बसणार.

मामा : ती राख मी रोज खाल्ली आहे. मला सांगू नकोस. म्हणून तर म्हणतो, वीज सुधारते. माझ्या डोळ्यांदेखत सुधारली. २०२५ च्या मध्याला देशातल्या एकूण स्थापित क्षमतेचा निम्मा वाटा बिगरकोळशाचा, बिगरतेलाचा झाला.

ताई : क्षमता. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत नाही.

मामा : बरोबर, क्षमता. सूर्य रात्री नसतो. पण तुझी पेट्रोलची गाडी दहा वर्षांनी आजच्यापेक्षा स्वच्छ चालेल का? ती जुनी होत जाणार, जास्त धूर ओकणार. विजेची गाडी मात्र काही न करता दर वर्षी थोडी स्वच्छ होते, कारण मागची वीज स्वच्छ होते. आणि देशाला लागतं त्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. चंद्रपूरचा कोळसा काळा आहे, पण आखातातल्या युद्धानं तो महाग होत नाही.

हे ऐकून ताई पहिल्यांदाच काही बोलली नाही. मलाही या युक्तिवादात खोट दिसत नाही. तीस-चाळीस वर्षं वीज पुरवण्यात घालवलेल्या माणसाचा विजेवर विश्वास असतो, तो भाबडा नसतो. ग्रिड रात्रीत बदलत नाही, पण बदलतं, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे.

पल्ल्याची भीती ताईला नव्हती, म्हणून त्यावर फार बोलणं झालं नाही. प्रमाणपत्रातला आकडा प्रयोगशाळेतला असतो एवढं तिला ठाऊक होतं. त्याच ईक्यूएसचा भारतीय प्रमाणपत्रातला पल्ला ८५७ किलोमीटर आहे आणि युरोपातल्या चाचणीत तो पावणेसातशेच्या आसपास येतो. पाण्याचाही विषय निघाला. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत मुठेचं पाणी शिरलं होतं, तळघरातल्या गाड्या बुडाल्या होत्या. मामांनी सांगितलं, की या बॅटऱ्यांचं आवरण मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल या दर्जाचं असतं. त्याहून जास्त वेळ बुडाली तर मात्र पेट्रोल काय नि वीज काय, दोन्ही गाड्या विमा कंपनीच्याच.

चार्जिंगचा विषय निघाला तेव्हा मामा खुलले. ते आधीच खाली जाऊन मीटर रूम बघून आले होते.

मामा : तुझं पार्किंग मीटर रूमपासून लांब आहे. चार कोअरची आर्मर्ड कॉपर केबल टाकावी लागेल. थ्री फेज घेतलंस तर अकरा किलोवॉटचा चार्जर बसेल, रिकामी बॅटरी नऊ-दहा तासांत भरेल. मंजूर भार वाढवून घ्यायचा. अर्थिंग नवं कर, जुन्यावर विसंबू नकोस. ही गाडी आधी अर्थिंग तपासते, ते बरोबर नसेल तर चार्ज घेतच नाही. लोक मग गाडीला शिव्या देतात.

ताई : आणि साधा पंधरा अँपिअरचा पॉइंट दिला तर?

मामा : शंभर युनिटांना तीस तास लागतील. पण तुला कुठं रोज शंभर लागणार आहेत? घर-दवाखाना-घर दहा-बारा किलोमीटर. तीन युनिटं. तासाभरात भरतील.

ताई : मामा, तुम्हीच बोललात ते परत ऐका. मला रोज तीन युनिटं लागतात. मग उरलेल्या सत्त्याण्णव युनिटांची बॅटरी मी कशाला वाहून न्यायची? सहा-सातशे किलो वजन आहे तिचं. साताऱ्याला जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर. मोठ्यातल्या मोठ्या दिवशीही पंचावन्न युनिटांत काम होतं.

मामा : ते खरं आहे.

त्यांनी ते तत्काळ मान्य केलं. गरजेहून मोठा ट्रान्सफॉर्मर बसवणं ही त्यांच्या खात्यात गुणवत्ता समजत नसत.

ताई : आणि पैसे म्हणाल तर, इंधनात माझे वर्षाला पन्नासएक हजार वाचतील. सव्वा कोटी बँकेत ठेवले तर नुसतं व्याज सात-आठ लाख येतं. रोज दोनशे किलोमीटर फिरणाऱ्या कॅबवाल्याचा हिशेब जुळतो, कारण तो चालवतो. माझी गाडी दिवसभर दवाखान्याखाली उभी असणार. उभ्या गाडीत वीज काय नि पेट्रोल काय, वाचतं कुठं?

मामा : आता माझं ऐक. तू ती चालवून पाहिलीस ना? आवडली का?

ताईनं उत्तर द्यायला वेळ घेतला. टेस्ट ड्राइव्हला मी तिच्याबरोबर होतो. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. ट्रकचे ब्रेक तिथे तापतात, अपघात होतात, पुण्यात सगळ्यांना तो उतार माहीत आहे. ताईनं ॲक्सिलरेटरवरून पाय हलका केला आणि अडीच टनांची ती गाडी स्वतःच सावकाश होत गेली. ब्रेकला पाय लावावाच लागला नाही. समोरच्या पडद्यावर बॅटरीकडे परत जाणाऱ्या विजेची हिरवी पट्टी भरत होती. उतार संपला तेव्हा टक्का एकानं वाढलेला होता. शेजारून एक लादलेला ट्रक कर्कश आवाज करत, जळक्या लायनरचा वास सोडत गेला. गाडीत आम्हाला एकमेकांचा श्वास ऐकू येत होता. ताईचा चेहरा तेव्हा शाळेत बक्षीस मिळाल्यावर व्हायचा तसा झाला होता.

ताई : खूप आवडली. खोटं कशाला बोलू? पण तेच खरं कारण आहे, मामा. आवडली म्हणून घेतेय, असं म्हणून घेतली असती तर मला एवढा त्रास झाला नसता. मी त्यावर पर्यावरणाचा मुलामा दिला, आणि तो नखानं खरवडला तर निघतोय.

मामा : मग आवडली म्हणून घे! एवढी वर्षं उभी राहून, मान वाकवून लोकांच्या तोंडात बघत कमावलेस तू. कोणाला लुबाडलं नाहीस. आपल्या घरात हौस करायची सवयच कोणाला नाही. तुझ्या आईनं सोन्याच्या पाटल्या कपाटात ठेवून आयुष्य काढलं. मला तुझी ती गाडी बघायची आहे.

मामांचा खरा मुद्दा हा होता. जीएसटी, घसारा, तेलाची आयात हे सगळं त्यांनी वकिली म्हणून मांडलं. भाचीनं मिरवावं, ही त्यांची इच्छा होती, आणि त्या इच्छेला मी कमी लेखणार नाही. मध्यमवर्गीय घरातून वर आलेल्या माणसाला स्वतःवर खर्च करताना नेहमी कुठलं तरी सार्वजनिक कारण लागतं. शिक्षण, आरोग्य, आता पर्यावरण. मामा ताईला त्या कारणातून सोडवू पाहत होते.

ताई : हौस करायला माझी ना नाही. पण हौस जरा टिकाऊ हवी. आज ही गाडी चारशे व्होल्टच्या यंत्रणेवर आहे, त्याच जर्मन कंपन्यांच्या पुढच्या गाड्या आठशे व्होल्टच्या येताहेत, निम्म्या वेळात चार्ज होणाऱ्या. टेस्लानं जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत किमती उतरवल्या आणि आदल्या महिन्यात घेतलेले लोक हात चोळत बसले. वर्षभरानं भाड्यानं गाड्या देणाऱ्या हर्ट्झनं वीस हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या. तीन वर्षांनी माझ्या गाडीला कोण काय देईल?

मामा : विकायला घेतेस की वापरायला? बॅटरीला आठ वर्षांची हमी आहे. सत्तर टक्क्यांच्या खाली क्षमता गेली तर कंपनी बघून घेईल. दहा वर्षं वापर.

ताई : दहा वर्षं वापरायची तर ती माझ्या वापराच्या मापाची हवी. साठ युनिटांची पुरेल. चाकणचीच पुरेल. आणि तीसुद्धा खाली उभी आहे ती थकल्यावर.

मामा : म्हणजे बुकिंग रद्द.

ताई : उद्या फोन करते. बिल झालेलं नाही, टोकन परत मिळतं. सवलतीचं काय करायचं ते सरकारनं ठरवावं, पण मला वाटतं तीस लाखांच्या वर कर लावायचा तो निर्णय बरोबर होता.

मामा : तो मला पटत नाही, आजही नाही. पण ते राहू दे. केबलचं काम मात्र थांबवू नकोस. आज एकटी तू आहेस, चार वर्षांनी या बिल्डिंगमध्ये पंधरा गाड्या विजेच्या असतील आणि प्रत्येक जण आपापली वायर ओढेल. मग मीटर रूममध्ये काय होतं ते मी पाहिलंय. सोसायटीनं एकच बसबार पार्किंगपर्यंत आणावा, त्यावर ज्याचा त्याचा मीटर. घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्राच्या नियमांची आडकाठी नाही, फक्त काम नीट व्हायला हवं.

ताई : सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे.

मामा : तर मग ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा आहे ते आधी काढ. बाहेर पाटीवर लिहिलेलं असतं. आणि सेक्रेटरींचा नंबर दे मला, मी बोलतो.